दोष असल्यास नमूद करावेत

मामांनी मला त्यांची गाडी फुकट देऊ केली तेव्हा सोमवारची सकाळ होती, सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मी मौनात होते. सात ते आठ मी बोलत नाही. एकतीस वर्षं बोलत नाही. आमच्या सगळ्या गोतावळ्याला हे ठाऊक आहे, आणि ज्यांना माझ्या तोंडून 'नाही' ऐकायचं नसतं ती माणसं मला नेमका सात ते आठच्या दरम्यान फोन करतात.

"बोलू नकोस, नुसतं ऐक," मामा म्हणाले. "डोळ्यांच्या डॉक्टरनं माझं गाडी चालवणं बंद केलंय. समोरून बस आली की मला दोन दिसतात, आणि त्यातली चुकवायची कुठली ते कळत नाही. तेवढ्यात आमच्या इमारतीच्या कमिटीनं नोटीस लावली. शनिवारपर्यंत गाडी चालवणाऱ्या माणसाच्या नावावर झाली नाही तर भंगारवाल्याला बोलावणार. चोवीस वर्षांची आहे गं ती. मला पैसे नकोत. तुला हवी असेल तर ने. नको असेल तर तसं सांग, म्हणजे शनिवारी मी खिडकी लावून घेऊन आत बसेन."

ऐकलं, एवढं कळावं म्हणून मी अशा वेळी फोनवर नखानं दोनदा टकटक करते. ती केली. मामांनी फोन ठेवला. आठ वाजायला अजून पंचेचाळीस मिनिटं होती, आणि तेवढ्यात ही बातमी आमच्या इमारतीच्या चारही मजल्यांवर पोचली. कशी, ते विचारू नका. फोनचा आवाज मोठा होता आणि आमचे हे शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत होते.

यांची ओळख करून द्यायला हवी. हे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. आता निवृत्त आहेत, पण स्वभाव निवृत्त झालेला नाही. घरात नवीन बादली आणली तरी तिची उंची मोजून घेतात. आमच्या घरात गाडी चालवण्याचं लायसन्स फक्त माझ्याकडे आहे. मी ते वेळच्या वेळी नवं करून घेते, जरी गेल्या वीस वर्षांत त्याचा उपयोग पत्त्याचा पुरावा म्हणूनच झाला असला. यांच्याकडे लायसन्स का नाही, हा विषय आमच्या घरात निघत नाही, म्हणून मीही तो इथे काढत नाही. चाचणीच्या मैदानावर यांच्या वेळचा एक खांब अजून जरासा कललेला आहे, एवढंच सांगते.

"आठ वाजले की त्यांना नको म्हणून सांगून टाक," हे म्हणाले.

पण कुठल्याही मोठ्या प्रश्नाला मी त्याच दिवशी उत्तर देत नाही. मध्ये एक झोप जाऊ देते. ही सवय चांगली आहे, फक्त आमच्या इमारतीत ती धोक्याची आहे, कारण त्या झोपेच्या आधी आणि नंतर लोक जागे असतात.

मंगळवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पहिले आले ते वरच्या मजल्यावरचे सल्लागार. हे त्यांचं आडनाव नाही, धंदाही नाही. ती त्यांची वृत्ती आहे. मी समोर हात जोडून गप्प बसलेली असताना सल्ला द्यायला त्यांना फार आवडतं. म्हणतात, एवढं शांतपणे कोणी ऐकून घेत नाही.

"वहिनी, जगात कोणी कुणाला फुकट काही देत नाही. मामांनी दिली म्हणजे तिच्यात काहीतरी असणार."

"काय असणार?" यांनी विचारलं.

"तेच तर! दिसत नाही म्हणूनच फुकट." मग जरा वेळानं, चहा पिऊन झाल्यावर, "आणि दिसत असेल तर मग प्रश्नच मिटला. दिसतंय तरी घेताय म्हणजे काय!"

म्हणजे दिसलं तरी घ्यायची नाही आणि नाही दिसलं तरी घ्यायची नाही. सल्लागारांच्या सल्ल्यातून आजवर कोणी वाट काढलेली नाही.

त्यांच्या मागोमाग शेजारीण आली. "मी तर म्हणते घेऊच नका. या वयात कशाला ती कटकट? दर चार दिवसांनी बंद पडेल, रस्त्यात उभ्या राहाल, लोक बघतील." आणि दाराशी चपला घालता घालता, "घेतलीच, तर दर गुरुवारी मला बहिणीकडे सोडाल ना? तुमच्या वाटेवरच आहे." मी गुरुवारी कुठेही जात नाही, मग माझी वाट कुठली, हे मला विचारायचं होतं. पण आठ वाजायला अकरा मिनिटं होती.

मला ती गाडी हवी होती. इथे लिहिते आहे इतकं सरळ हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. गाडी घ्यायची का, हे सगळे यांना विचारत होते. लायसन्स माझं, मामा माझे, फोन मला, आणि यांच्याभोवती खुर्च्या मांडून बैठक! संध्याकाळी त्या बैठकीचा निकालही लागला. यांनी चष्मा काढून जाहीर केलं, "ठरलं. आपण नको म्हणू."

"आपण म्हणजे कोण?" मी विचारलं.

माझा आवाज मुळातच लहान आहे. तो कोणाला ऐकू गेला नाही. सल्लागार यांच्या पाठीवर थाप मारत होते.

"मी घेते आहे," मी म्हटलं.

"काय?"

"गाडी. मी घेते आहे."

सल्लागार हळूच यांच्या कानाशी म्हणाले, "वहिनी चिडल्या वाटतं." मी चिडले नव्हते. न चिडणं हाही माझा एक नेम आहे. फक्त तो नेम मी फार मनापासून पाळत असले की चहात साखर पडायची राहून जाते. त्या संध्याकाळी सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा निमूटपणे प्यायला.

"घे," हे म्हणाले. "पण मी तिच्यात बसणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो."

"बरं," मी म्हटलं.

बुधवारी मी एका मिस्त्रींना घेऊन मामांकडे गेले. गाडी आवारात कोपऱ्यात उभी होती. कागदोपत्री तिचा रंग निळा आहे. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले आणि वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या घरी सांत्वनाला गेल्यासारखा भाव होता.

"ताई, घेऊ नका." मग हात पुसत, जरा घुटमळत, "पण घेतलीत तर माझ्याकडेच आणा. हल्ली अशी गाडी हाताखाली येत नाही हो."

मामा बाजूला बसले आणि मी आवारातल्या आवारात गाडी फिरवली. वीस वर्षांनी. पाय कापत होते, पण ते क्लचवर होते, त्यामुळे गाडीच कापते आहे असं वाटत होतं. मामा काळा चष्मा लावून बसले होते आणि न बघता एकेक सांगत होते. "आता डावीकडे वळ. वळताना हॉर्न वाजेल, दचकू नकोस. तिला डावी बाजू आवडत नाही. तुझं दार फक्त आतून उघडतं. माझं फक्त बाहेरून. माझ्याकडची काच खाली येत नाही. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरली तरी अर्ध्यावर, संपली तरी अर्ध्यावर."

सुखदुःख इतकं सारखं मानणारा काटा मी आजवर पाहिला नव्हता. त्याच्यासाठी म्हणून सुद्धा मी ती गाडी घेतली असती.

बारा मिनिटांनी गाडी आपोआप बंद पडली. "चार मिनिटं थांब," मामा म्हणाले. चार मिनिटांनी ती सुरू झाली. मी वहीत सगळं लिहून घेत होते. एकवीस गोष्टी झाल्या.

"एवढं लिहून काय करतेस?" मामांनी विचारलं. "हे दोष नाहीत गं. सवयी आहेत."

गुरुवारी आम्ही वाहन कचेरीत गेलो. आम्ही म्हणजे मी, सही करायला मामा, मी काय चुकते ते पाहायला हे, आणि मार्गदर्शनासाठी सल्लागार. फॉर्मची दोन पानं सरळ होती. तिसऱ्या पानावर अकरावा रकाना होता: 'वाहनात दोष असल्यास नमूद करावेत.' पुढे बोटभर लांबीची रेघ.

"तिथे 'नाहीत' लिहायचं," सल्लागार म्हणाले.

"पण आहेत."

"आहेतच. पण लिहायचं 'नाहीत'. सगळे तसंच लिहितात."

"अगं, ती रेघ बघ," हे म्हणाले. यांनी खिशातून पट्टी काढून ती मोजलीसुद्धा. "हिच्यात 'नाहीत' एवढंच मावतं. ज्यानं हा फॉर्म आखला त्यानं विचार करूनच आखलाय."

मी त्या रेघेवर 'यादी सोबत जोडली आहे' असं बारीक अक्षरात लिहिलं. ते रेघेच्या बाहेर गेलं, त्याबद्दल यांना आजही वाईट वाटतं. रात्री सुवाच्य अक्षरात उतरून काढलेली एकवीस दोषांची यादी टाचणीनं जोडली आणि तीन नंबरच्या खिडकीत दिली.

खिडकीतल्या बाईंनी शिक्का उचलला होता. तो तसाच हवेत राहिला.

"हे काय?"

"दोष," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोलत नाही. याचा एक फायदा असतो, तो मला त्या दिवशी कळला. मी बोलले की रांगेतली माणसं ऐकू यावं म्हणून आपापलं बोलणं थांबवतात. तिसऱ्या वाक्याला सगळा हॉल गप्प होता.

"काकू," बाई म्हणाल्या. मी पंचावन्न वर्षांची आहे आणि बाई माझ्याहून लहान असतील तर फार तर तीन वर्षांनी. पण ते जाऊ दे. "काकू, मी बावीस वर्षं या खिडकीत बसते. आजवर इथे आलेल्या एकाही गाडीत एकही दोष निघालेला नाही."

"मग रस्त्यात बंद पडलेल्या दिसतात त्या कुठल्या?"

"त्या चार नंबरच्या खिडकीवरच्या असतील." मग बाईंचा आवाज उतरला. वाईट बाई नव्हत्या त्या. "हे बघा, दोष लिहिले की अर्ज तपासनिसांकडे जातो. ते यादीतला एकेक दोष तपासणार. मी कोरा फॉर्म देते. तिथे 'नाहीत' लिहा, आत्ताच्या आत्ता शिक्का मारते. दहा मिनिटांत गाडी तुमच्या नावावर."

"आणि यादी तपासायची म्हटलं तर?"

"उद्या अकराला मैदानावर गाडी आणायची. तपासनिसांनी फेटाळलं तर परत सोमवारी."

सोमवारी मामांच्या आवारात गाडी नसणार होती. मामा बाकावर बसले होते, दोन्ही हात काठीवर ठेवून, आमच्या दिशेला कान करून. यांनी माझ्याकडे पाहिलं. "तीन अक्षरांचा प्रश्न आहे," हे हळू म्हणाले. हे हळू बोलतात तेव्हा मला जास्त अवघड जातं.

मी कोरा फॉर्म हातात घेतलाही होता, हे कबूल करायला हवं. खोटं न बोलण्याचा नेम मी घरात, नात्यात, आजारपणात, नणंदेच्या हातच्या स्वयंपाकासमोरसुद्धा पाळला होता. पण त्या काठीवरच्या हातांसमोर तो पाळणं मला निष्ठुरपणाचं वाटायला लागलं. तेवढ्यात मामाच म्हणाले, "काय गं, काय झालं? तिची सगळी माहिती नीट लिहिलीस ना? काही राहिलं नाही ना?"

मी कोरा फॉर्म परत खिडकीतून आत सरकवला. "उद्या अकराला आणते," मी म्हटलं.

शुक्रवारी तपासनीस मैदानावर आमची वाट पाहत उभे होते. जाडजूड गृहस्थ, हातात पाटी, पाटीला दोरीनं बांधलेलं पेन. त्यांच्याकडे तपासायला म्हणून यादी आयुष्यात पहिल्यांदा आली असावी, कारण त्यांनी तिला खाकी पुठ्ठा लावला होता. ते माझ्या शेजारी बसले, बाहेरच्या माणसाकडून दार लावून घेतलं आणि म्हणाले, "दोष क्रमांक एक."

मी डावीकडे वळले. हॉर्न वाजला.

"आहे," ते म्हणाले आणि खूण केली.

खूण करतानाचा त्यांचा आनंद पाहून मला बरं वाटलं. क्रमांक दोन आहे. तीन आहे. क्रमांक सहा, चालकाची खुर्ची चालता चालता मागे सरकते. ती सरकली आणि माझे पाय ब्रेकपासून दूर गेले. "आहे, आहे!" ते घाईनं म्हणाले. हॉलमधली माणसं बाहेर येऊन मैदानाच्या कडेला उभी राहिली. दहाव्या दोषापासून ती आमच्याबरोबर मोजायला लागली. सोळाव्याला टाळ्या पडल्या.

"दोष क्रमांक सतरा," तपासनिसांनी वाचलं. "दहा-बारा मिनिटं चालल्यावर गाडी आपोआप बंद पडते. चार मिनिटांनी आपोआप सुरू होते."

आम्ही मैदानाला फेऱ्या मारायला लागलो. तेवढ्यात अठरा ते एकवीसवरही 'आहे'च्या खुणा झाल्या. बारा मिनिटं झाली. वीस झाली. गाडी चालत होती. पस्तिसाव्या मिनिटाला ती अशी काही सुरात चालत होती की मला तिच्याकडे बघवेना. कडेच्या बाकावर मामा काठी आपटत होते. "गाडी बदलून आणलीत का?" त्यांचा आवाज दर फेरीला ऐकू यायचा. "माझी कधीच एवढी चालली नाही!"

जेवणाची सुट्टी झाली. खिडकीतल्या बाई डबा घेऊन बाहेर आल्या आणि उभ्यानंच जेवायला लागल्या. माझ्या आयुष्यात इतक्या अनोळखी माणसांनी माझं काहीतरी बंद पडावं म्हणून एकत्र प्रार्थना कधी केली नव्हती. सल्लागार प्रत्येक फेरीला मला पायानं खुणा करत होते: क्लच सोडा, क्लच एकदम सोडा, पडेल बंद! त्यांचा सल्ला पहिल्यांदाच उपयोगाचा होता. मी क्लच सोडला नाही. बंद पाडणं आणि बंद पडणं या माझ्या हिशेबी दोन गोष्टी आहेत.

पन्नासाव्या मिनिटाला तपासनिसांनी पाटीवर पेन ठेवलं. "थांबवा बाई. गाडी उत्तम आहे."

"नाही हो. बंद पडते ती."

"मी पन्नास मिनिटं बसलोय तिच्यात."

"तुम्ही तिला आजच ओळखता," मी म्हटलं.

मी हॉलच्या दारासमोर गाडी उभी केली. आणि मग गर्दीतून मिस्त्री पुढे आले, मान खाली घालून. "ताई, मीच केलं. काल संध्याकाळी मामांकडे जाऊन पेट्रोलची नळी साफ केली. म्हटलं, तुमची उद्या तपासणी. पहिल्याच दिवशी तुमचा अपमान नको."

"कोणाच्या परवानगीनं?" तपासनीस काचेतून ओरडले. "यादी काल दुपारी दाखल झाली. दाखल झालेला दोष असा परस्पर दुरुस्त करता येत नाही!" मग माझ्याकडे वळून, "बाई, माझा नाइलाज आहे. यादीतला एक दोष गाडीत नाही. म्हणजे माहिती खोटी. अर्ज फेटाळतो. सोमवारी नवा करा."

मिस्त्रींना मी म्हटलं, "घाला परत तो कचरा." ते दोन पावलं मागे गेले. "ताई, पाया पडतो, पण चाललेली गाडी बिघडवायला सांगू नका. हे माझ्या हातून व्हायचं नाही."

खोटी. हा शब्द माझ्याबद्दल कोणी वापरला, आणि तो लेखी नोंदला जाणार होता. सगळ्या जगानं 'नाहीत' लिहिलं ते खरं, मी एकटीनं आहेत ते लिहिलं तर मी खोटी! मला राग आला. माझा नेम मोडला. शुक्रवारी दुपारी दीड वाजता मोडला. त्याचं प्रायश्चित्त मी पुढे घेतलं, पण पश्चात्ताप मला आजही झालेला नाही.

"साहेब," मी म्हटलं, "फॉर्मवर लिहिलंय, दोष असल्यास नमूद करावेत. मी केले. नमूद केलेले दोष सांभाळून ठेवावेत, असं कुठे लिहिलंय ते मला दाखवा."

"नियमच आहे तसा."

"दाखवा."

"असा लगेच कसा दाखवणार? बाई, तुम्ही उतरा आता खाली."

"मी उतरणार नाही," मी म्हटलं. "नियम दाखवा, नाहीतर सही करा. तोवर गाडी इथून हलणार नाही, आणि मीही नाही." मी किल्ली काढून पदराच्या गाठीत बांधली आणि जपमाळ काढली. लोकांना वाटलं मी त्यांना घाबरवते आहे. मला खरोखरच हात कशात तरी गुंतवायला हवे होते.

तपासनिसांनी संतापून दार उघडायला दांडी ओढली. दोष क्रमांक चार. दार फक्त बाहेरून उघडतं. त्यांनी काच खाली करायला बघितली. दोष क्रमांक पाच. मागच्या सीटवरून पलीकडे जाण्यासारखी त्यांची अंगकाठी नव्हती. त्यांनी स्वतःच केलेल्या खुणा पाटीवर त्यांच्या मांडीवर होत्या.

"अहो, कोणीतरी दार उघडा!"

पन्नास-साठ माणसं उभी होती. कोणी हललं नाही. खिडकीतल्या बाईंनी डब्याचं झाकण सावकाश लावलं. आणि मग गर्दीतून हे पुढे आले.

हे उघडणार, याबद्दल मला शंका नव्हती. आयुष्यभर खात्यात काढलेला माणूस. साहेबांचं दार यांनी कधी बंद राहू दिलेलं नाही. हे दारापाशी आले, हात दांडीकडे गेला आणि थांबला. मग यांनी वळून दाराला आपली पाठ टेकली, खिशातून पेपर काढला आणि उघडला.

"अहो, तुम्ही यांचे कोण?" तपासनिसांनी काचेवर टकटक केलं.

"नवरा," हे पेपरातून मान न काढता म्हणाले. "साहेब, माझ्या बायकोला हट्टी म्हणा. कुठेही म्हणा, मी साक्षीला येतो. घरातल्या बादल्यांपासून या गाडीपर्यंत माझं एक ऐकत नाही, तेही लिहा. पण खोटी लिहायचं नाही. ते मी लिहू देणार नाही." मग एक पान उलटून, "नियमाचं पुस्तक मागवा. सावकाश वाचा. मला घाई नाही, मी निवृत्त आहे."

पुस्तक आलं. माझ्या खिडकीतून आत देण्यात आलं. तपासनीस पाऊण तास वाचत होते. दोन प्रकरणं त्यांनी दोनदा वाचली. मधे मी त्यांना पाणी दिलं; नियम वाचताना माणसाला तहान लागतेच. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्याकडे न बघता पाटी उचलली आणि लिहिलं. ते मी शब्दाला शब्द देते, कारण ते मी पाठ केलं आहे: 'वीस दोष आढळले. एक दोष अर्ज दाखल झाल्यानंतर दूर झाला. माहिती दिली तेव्हा ती खरी होती. सबब मंजूर.'

खाली सहीची जागा होती. त्यांनी सवयीनं पाटी काचेच्या बाजूनं यांना दाखवली. "साहेब, अर्जदाराची सही."

"माझी नाही," हे म्हणाले. "तुमच्या उजव्या हाताला बसल्यात."

मी सही केली. यांनी दार उघडलं. खिडकीतल्या बाईंनी, जेवणाची सुट्टी संपायला पाच मिनिटं बाकी असताना, शिक्का मारला. इतक्या जोरात मारला की हॉलमधली दोन माणसं वळून पाहायला लागली. सल्लागार मला म्हणाले, "वहिनी, मी आधीपासून म्हणत होतो, जे आहे ते लिहून मोकळं व्हावं." मी काही बोलले नाही. एका दिवसात एकच नेम मोडायचा असतो.

मामांना घरी सोडायला निघालो. मामा मागे बसले. आणि यांनी, काही न बोलता, माझ्या शेजारचं दार उघडलं आणि बसले. मी यांना बाहेरून दार लावून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा हे अशा ठिकाणी बसले होते जिथून माझ्या मदतीशिवाय उतरता येत नव्हतं. गाडी चांगली चालली. डावीकडे वळताना ओरडली. यांनी एक-दोनदा ब्रेक नसलेल्या जागी ब्रेक दाबला, पण शब्द काढला नाही.

मामांच्या आवारात आम्ही शिरलो तेव्हा कमिटीचे चिटणीस जिन्यातच उभे होते. "ही परत आली?"

"ही माझी गाडी आहे," मी खिडकीतून म्हटलं. "पाहुणी आली आहे. पाहुण्यांसाठी तुमची नोटीस नाही ना?"

मी किल्ली फिरवली आणि काढून घेतली. गाडी चालूच राहिली.

किल्ली माझ्या हातात, आणि इंजिन आपलं धडधडतंय, खोकतंय, उसळतंय, आवारातल्या सगळ्या खिडक्या हलवतंय. लोक बाहेर डोकावायला लागले.

"हे नवीन आहे," मामा मागून म्हणाले. आवाजात जरा अभिमान होता.

"हे यादीत नाही!" हे सरळ उठून बसले. "अगं, बाविसावा आहे हा! उद्या कोणी तपासलं तर? कचेरी पाचपर्यंत उघडी असते. आत्ता परत गेलो तर कळवता येईल."

"आधी बंद करा ती!" चिटणीस ओरडले.

मी त्यांना किल्ली दाखवली. मग यांच्याकडे वळले आणि माझ्या नेहमीच्याच आवाजात सांगितलं. त्या धडधडीत तो यांना कसा ऐकू गेला कोण जाणे, पण गेला.

"काल ती मामांची होती, म्हणून लिहून दिलं. आता ती घरची आहे. घरच्यांचे दोष मी कुठल्याही खिडकीवर नोंदवत नाही."

मग हे पुन्हा खुर्चीला टेकले आणि यांनी पट्टा लावून घेतला, उभ्या गाडीत. चिटणीस खाली काहीतरी बोलत होते, वरून कोणीतरी हातवारे करत होतं. मी हात मांडीवर ठेवून शांत बसले. तिला काय म्हणायचं होतं ते सगळं म्हणून होईपर्यंत आमच्यातलं कोणीही खाली उतरलं नाही.